चाक कलंडलेलं दिसतंय? आधी एक्सल काढा

पोर्टफोलिओतल्या, म्हणजे परीक्षकाला दाखवायच्या चित्रसंचातल्या, यंत्रांच्या चित्रांत हमखास बिघडतं ते चाक. तिरक्या कोनातून मोटारसायकल काढली की चाक अंड्यासारखं होतं किंवा एका बाजूला कलतं.

पणजीत स्टँडवर उभी असलेली, पिवळ्या मडगार्डची पायलटची (गोव्यात मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याची) मोटारसायकल सरावाला उत्तम.

१. आधी मागच्या चाकाच्या एक्सलची (चाक ज्याभोवती फिरतं त्या मधल्या दांड्याची) दिशा २एच पेन्सिलीने हलकी आखा आणि रेघ चाकाबाहेर लांबवर न्या.
२. तिला काटकोनात दुसरी रेघ मारा. तिरकं चाक लंबवर्तुळ दिसतं; त्याची रुंदी (लहान अक्ष) एक्सलच्या रेघेवर, लांबी (मोठा अक्ष) दुसऱ्या रेघेवर. जमीन कुठे आहे ते इथे पाहायचंच नाही. सगळी गफलत तिथेच होते, कारण लांबी डोळे मिटून उभी धरली जाते.
३. कागद फिरवून लांबी आडवी घ्या आणि खांद्यातून हात हलवत काढा. टोकं गोल हवीत, टोकदार नकोत.
४. रिम, ड्रम, हब यांनाही तीच एक्सलची रेघ.

साइड स्टँडवर हँडल बहुधा वळलेलं असतं, म्हणून पुढच्या चाकाचा एक्सल वेगळा आखा. मागच्याची रेघ तिथे उचलून ठेवली तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, वाकल्यासारखा दिसेल.

या आखणीच्या रेघा खोडू नका. परीक्षकाला रचनेची समज त्यातूनच कळते.