पोस्ट पोहेवाल्याची, कॉमेंट जिरावणवाल्याची: इंदूरच्या दुकानांनी इन्स्टाग्रामवर एकमेकांशी कसं बोलावं

सुदामा नगरातला घरगुती जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, विकणारा आणि छप्पन दुकान या खाऊगल्लीजवळचा पोहेवाला, दोघांचं गिऱ्हाईक एकच. एकमेकांच्या पोस्टखाली ते बोलत राहिले तर दोघांचंही भलं. पण बहुतेक जण तिथे जाऊन ‘आमच्याकडेही मिळेल, मेसेज करा’ असं लिहितात. दुसऱ्याच्या लग्नात आपल्या मंगल कार्यालयाची पत्रकं वाटण्यातला प्रकार.

कॉमेंट दुकानाच्या खात्यावरून करा, घरच्या नव्हे. एकच ओळ, आणि ती फोटोत जे दिसतंय त्याबद्दल. ‘छान! आमचं जिरावणही घेऊन बघा’ यावर समोरचा फार तर हात जोडल्याची खूण टाकेल. त्याऐवजी ‘शेव दिसतेय, जिरावण कुठंय? डबी घेऊन निघालो, दोन प्लेट ठेवा’ असं लिहा. त्यावर ‘जिलबीही ठेवतो, पण थंड झाली तर बोलायचं नाही’ असं उत्तर येऊ शकतं, आणि वाचणाऱ्याला मजा त्या उत्तराचीच. चांगला संवाद जमला तर पोहेवाल्यानं तो वर पिन करावा. एका पोस्टवर तीन कॉमेंट पिन होतात. पोस्ट हिंदीत असेल तर हिंदीतच बोला, इंदुरात त्यात कमीपणा नाही.

थट्टा करायची तर स्वतःच्या धंद्याची. जुलै 2019 मध्ये झोमॅटोनं ‘कधीतरी घरचंही जेवावं’ अशा अर्थाचं ट्वीट केलं. यूट्यूब इंडिया, प्राइम व्हिडिओ वगैरेंनी त्याच साच्यात आपापल्या धंद्याच्या उलट सल्ले दिले. शेवटी झोमॅटोनंच ‘कधीतरी स्वतःची ट्वीटंही सुचायला हवीत’ असा चिमटा काढला. कुणी दुखावलं नाही, कारण प्रत्येकानं आधी स्वतःवर हसून घेतलं होतं. शेजाऱ्याच्या मालाला नावं ठेवणारा विनोद मात्र समोरच्याला आधी मेसेज करून विचारल्याशिवाय टाकू नका.

ओळख जमली की एकत्र पोस्ट. टाकताना ‘टॅग पीपल’मध्ये जाऊन ‘इन्व्हाइट कोलॅबोरेटर’ निवडा. समोरच्यानं आमंत्रण स्वीकारलं की तीच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते, लाइक आणि कॉमेंट सामायिक. अडतं ते इथेच: आमंत्रण मेसेजच्या ढिगात पडून राहतं आणि पोस्ट एकाच खात्यावर लटकते. म्हणून टाकायच्या आधी फोन करा. रंगपंचमीला तर आदल्या दिवशीच ठरवा. गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, कोण बघतंय?

मूळ पोस्ट कुणाच्या खात्यावरून जाणार, याचाही विचार हवा. मजकूर मूळ पोस्ट टाकणाराच बदलू शकतो, आणि त्यानं पोस्ट उडवली तर दोघांकडूनही जाते. दिवाळीच्या फराळाची जोडपोस्ट असेल तर ती ऑर्डर घेणाऱ्यानं टाकावी. भाव किंवा शेवटची तारीख बदलली तर दुरुस्ती त्यालाच करायची आहे. रीलला सिनेमातलं गाणं लावू नका. धंद्याच्या खात्याला बरीच गाणी मिळतच नाहीत, आणि हक्काच्या कारणावरून आवाज बंद झाला तर अर्धी मेहनत पाण्यात. स्वतःच कढईचा आवाज रेकॉर्ड करा, जास्त चालतो.

स्टोरीत कुणी तुमचा उल्लेख केला तर ती 24 तासांच्या आत आपल्या स्टोरीत घ्या. नंतर ती दिसेनाशी होते.

खाण्याच्या मालाशी नाव जोडण्याआधी पाकिटावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक सरकारी फॉसकॉस संकेतस्थळावर तपासा. तुमच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं तुम्ही त्या मालाची हमीच घेतलेली असते. फुकट माल देऊन कुणा इन्फ्लुएन्सरकडून दोघांची तारीफ करवून घेतली, तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या नियमांत फुकटचा मालही मोबदल्यातच धरतात.

आणि ‘पोहे गारढोण मिळाले’ अशी तक्रार जोडपोस्टखाली आली, तर उत्तर पोहेवाल्यानंच द्यायचं. जिरावणवाल्यानं तिथे गप्प बसावं, आणि पोहेवाल्याला फोन करून तेवढं कळवावं.