रुईवरचा मावा टिपताना

बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून मी गप्प बसलो आणि जुनी ५० मिमीची लेन्स उलटी लावली. लेन्स उलटी बसवायची रिव्हर्स रिंग स्वस्तात मिळते. मात्र लेन्सवरच अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची रिंग हवी, नाहीतर ते कमी-जास्त करता येत नाही.

सरावाला रुईचं झाड घ्या. पिवळाधमक मावा (रस शोषणारे बारीक किडे), त्याला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड), कधी पट्टेरी सुरवंट, सगळं एकाच फांदीवर. सकाळी ऊन चढायच्या आत जा. गारठलेले किडे फारसे हलत नाहीत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. मी एकदा चीक लागलेला हात चेहऱ्याला लावणारच होतो.

अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/२०० सेकंद आणि फ्लॅश. फ्लॅशपुढे बटर पेपर, नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग चमकतो. फोकसची रिंग विसरा. कोपर गुडघ्यावर टेकवून स्वतःच केसभर पुढे-मागे झुला आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. वीसातला एखादा फोटो जमतो. वाऱ्यात फांदी डोलत असेल तर जमिनीत काठी रोवून फांदी तिला कपड्याच्या चिमट्याने अडकवा.