आधी विचारा, ढकलतंय कोण?

मी औंढा नागनाथजवळ अकरावी-बारावीच्या लेकरांना फिजिक्स शिकवते. गणित समोर आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, सूत्र कोणतं लावायचं?" सूत्र शेवटी लावा. आधी वहीत चित्र काढा आणि चित्रातल्या प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारा, हिला ढकलतंय कोण?

मागच्या एप्रिलात एका पोरानं घरचा प्रश्न आणला. विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटार पाणी धरत नाही. फूटव्हॉल्व्ह नवा, पाइप कुठं फुटलेला नाही, तरी का? चित्रात त्यानं बाण मोटारीपासून काढला होता, मोटार पाणी ओढते म्हणून. गफलत तिथंच होती. पाण्याला दोरी बांधून ओढता येत नाही. मोटार पाइपातला दाब कमी करते, एवढंच. पाणी वर चढवते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा. बाण तिथून निघाला पाहिजे.

मग आकडा काढा. 1 चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण 1 किलो. तेवढ्याच जाडीचा 1 किलो पाण्याचा स्तंभ 1000 सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे 10 मीटर, जवळपास 33 फूट. मोटार किती का हॉर्सपॉवरची असेना, हवा याहून वर पाणी चढवत नाही. प्रत्यक्षात तर वीस-पंचवीस फुटांतच दम संपतो.

उत्तर मिळालं की ते मोडून बघा. त्याच्या बहिणीनं लगेच विचारलं, "मग हापसा शंभर फुटांवरून कसा आणतो?" फार आवडला मला हा प्रश्न. हापशाचा सिलिंडर खाली पाण्यात असतो. दांडा दाबला की आतला गज वर येतो आणि दट्ट्या पाणी खालूनच उचलतो. सबमर्सिबलही खालूनच ढकलते.

गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा आमच्याच भागात होणार, त्यामुळं विश्वाचे प्रश्नही येतात. "बिग बँगच्या आधी काय होतं?" असल्या प्रश्नासाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं मोजलेलं लिहा: दीर्घिका दूर जाताहेत; 1965 साली पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी आकाशातून सगळ्या बाजूंनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींची नोंद प्रसिद्ध केली; विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. उजवीकडं न मोजलेलं. "आधी" सध्या उजवीकडं जातं, आणि ते तिथं लिहायला लाजू नका.

डावीकडं आणखी एक ओळ येते. विहिरीतल्या पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतली आहेत. हे सांगितल्यावर ती पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि ऑक्सिजन?"

"तो ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. उद्या चित्र काढून आण."