कीबोर्ड आधी मागून बघा

परवा गंगाखेडहून एका पोराचा फोन. "सर, पंचवीस हजारांत वाजवायचा कीबोर्ड कोणता घेऊ? कशात वाद्यांचे आवाज जास्त हायत?" मी म्हटलं, आवाजाचं राहू दे, वाजवणार कुठं ते सांग. तर म्हणे, "घरी बी आन् कार्यक्रमात बी." इथंच सगळी गोची आहे.

मी मूळचा पेटीवाला. सप्त्यात भजनाला बसायचो, मग भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड धरला. पहिला कीबोर्ड दुकानात पुढून बघून घेतला होता: डिस्प्ले झकास, बटणं भरपूर. मागं बाहेर आवाज काढायला एकच भोक, तेही हेडफोनचं. १४ एप्रिलच्या रात्री सेलूकडच्या एका गावात साउंडवाल्यानं त्यात साधी मोनो पिन खुपसली. हेडफोनच्या जागी पिन गेली की कीबोर्डाचे स्पीकर बंद होतात. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर, नव्हता; मला माझंच ऐकू येईना. वर स्टिरिओ जागेत मोनो पिन, म्हणजे डाव्या बाजूचा आवाज तेवढा मिक्सरला गेला. उजवीकडची वाद्यं गायब. त्यात ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलायची सोय, आदल्या गाण्याचाच राहिला होता. गायक काळी चारात (चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून), मी भलतीकडं. अख्खा मुखडा तसाच गेला. समोरून एकजण ओरडला, "ओ मास्तर, चार्जिंग संपली का?"

तेव्हापासून मी दुकानात कीबोर्ड आधी उलटा फिरवतो. स्टेजवर जायचं असेल तर मागं लेफ्ट-राइट असे लाइन आउटचे, म्हणजे मिक्सरला आवाज द्यायचे, दोन वेगळे जॅक पाहिजेत. तिथं वायर लावली तरी अंगचे स्पीकर चालू ठेवता येतात, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू येतं. यामाहाच्या पीएसआर-ई४७३ ला ते आहेत, कॅसिओच्या सीटी-एक्स५००० ला आहेत. सीटी-एक्स३००० दिसायला त्याचाच भाऊ, पण त्याला बाहेर निघायला हेडफोनचीच वाट. स्पीकरही ६-६ वॉटचे, ५००० चे १५-१५. घरात ६ वॉट रगड झाले. गल्लीतल्या गणपतीपुढं पुरत नाहीत. हेडफोनवालाच घरी पडून असेल तर एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वायर करून घ्या, आणि साउंडवाल्याकडून एक छोटा स्पीकर पायाशी मागा. मागितल्याशिवाय तो देत नाही.

रोलँडचा एक्सपीएस-१० आपल्याकडं पार्ट्यांमध्ये लई चालतो. हलका आहे, देशी वाद्यांचे आवाज चांगले. पण त्याला स्पीकरच नाहीत, आणि डाव्या हातानं कॉर्ड धरला की मागं आपोआप ठेका-बेस वाजेल, तसलंही काही नाही. ढोलकी-ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा) सोबत असेल तर उत्तम. घरात एकट्यानं बसणाऱ्या पोराला तो घेऊन देऊ नका, आठ दिवसांत कपाटावर जाईल. त्यापेक्षा यामाहाचा पीएसआर-आय५०० बरा. त्यात तबला-तानपुऱ्याची रियाजाची सोय आहे. आमच्या घरी शिकायला येणाऱ्या पोरांना मी तोच सांगतो.

मागची बाजू झाली की पुढं या. किती आवाज आहेत हे खोक्यावर वाचू नका. कार्यक्रमात दहा-बाराच्या वर लागत नाहीत. वाजवायच्या आधी पिच बेंडचं, म्हणजे सूर ओढून वर-खाली करायचं, चाक शोधा. सनई-बासरी वाजवायची आणि चाक नाही, तर मींड घेणार कशानं? सीटी-एक्स७०० ला ते नाही, म्हणून मी तो भजनवाल्यांना सांगत नाही. पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात तो आकडा, ४८ असेल तर ठेका चालू ठेवून सस्टेन (सूर लांबवायचा) पेडल दाबला की आधीचे सूर मधेच तुटायची शक्यता असते. ६४ असलेली बरी.

ट्रान्सपोज दोन बटणांत गाठता आला पाहिजे. पांढरी एकची बोटं ठेवून काळी चारात वाजवायचं तर वजा ४ किंवा अधिक ८. ट्यूनिंग वेगळं, ते हर्ट्झमध्ये असतं. कीबोर्ड येतो ४४० वर आणि मंडळाची जुनी पेटी असते थोडी चढी. दोन्ही एकत्र वाजली की सूर लाटेसारखा हलतो. पेटी काही हलणार नाही, कीबोर्डच ४४२-४४३ करून बघायचा.

आता पट्ट्या. हे काम घाईत करू नका. साधा पियानोचा आवाज लावा, टच (जोरात दाबलं तर मोठं, हळू दाबलं तर बारीक वाजायची सोय) चालू ठेवा आणि ६१ च्या ६१ पट्ट्या एकाच हलक्या बोटानं दाबत जा. एखादी मधेच ठणकन वाजली किंवा मुकी राहिली तर आतल्या रबराच्या कॉन्टॅक्टवर धूळ बसलेली असते. जुना घेताना हे हमखास सापडतं. आपल्याकडं उन्हाळ्यात मंडपातली काळी माती कुठं शिरत नाही? रबराची पट्टी काढून पुसली की बहुतेक वेळा जमतं, पण तो खर्च किमतीतून आधीच कापून घ्या. अॅडॉप्टरही कीबोर्डासोबतचाच मागा. बाहेरचा घ्यावा लागला तर व्होल्ट आणि अधिक-उण्याचं चिन्ह जुळवून बघा, नुसती पिन बसते म्हणून लावू नका.

काल त्याच पोराचा दुकानातून फोन. "सर, मागं दोन भोकं हायत." म्हटलं, मग पट्ट्या दाब, फोन चालू ठेव. मी इकडं चहा पीत ऐकत होतो. वरच्या सप्तकात एक काळी ठणकली.

"नवाच हाय की, सर."

"असू दे. दुसरा पीस उघडायला लाव."