फरसबीच्या पानांवर ठिपके? फवारणीआधी या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीवरच्या फरसबीवर किंवा टोमॅटोवर बारीक तपकिरी ठिपके दिसले की हात थेट फवारणीच्या बाटलीकडे जातो. थांबा, हे किडीचं नाही तर हवेतल्या ओझोन या प्रदूषक वायूचंही काम असू शकतं. आधी पान उलटं करून बघा. लाल कोळी असेल तर खालच्या बाजूला जाळं आणि हलणारे कण सापडतात. ओझोनचा मार बहुधा पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात दिसतो. शिरा हिरव्याच राहतात. आधी जुनी पानं बिघडतात, शेंड्याकडची कोवळी पानं तजेलदार असतात. दुसऱ्या पानाने झाकलेला भाग पुष्कळदा वाचलेला दिसतो, ही खूण फार उपयोगी. फक्त टोकं आणि कडा करपत असतील तर ओझोनला सोडा. बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा खताचा अतिरेक तपासा.

दुसरी चूक म्हणजे ठाण्यातल्या घोडबंदर रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्याला दोष देऊन कुंड्या मागच्या बाल्कनीत नेणं. ओझोन गाडीच्या नळकांड्यातून निघत नाही. गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांची वाफ उन्हात एकत्र शिजली की तो तयार होतो, म्हणून दुपारी वाढतो. उलट रस्त्याला लागून ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. दुपारचा समुद्री वारा मुंबईवरून पूर्वेकडे येतो आणि त्या वाटेवर ठाणे, ऐरोली, घणसोली लागतात. ठाण्याच्या येऊरसारख्या झाडीच्या उंच भागात रात्री ओझोन संपवायला गाड्यांचा धूर नसतो. तिथली हवा स्वच्छ वाटते, पण ओझोनपुरतं ते गृहीत धरू नका.

जुलैत ठिपके आले तर? तेव्हा संशय बुरशीवर घ्या. ढग आणि पावसामुळे ओझोन बनायला ऊनच मिळत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र गोंधळ होणं स्वाभाविक आहे. ओझोन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत शिरतो. आपल्याकडची दमट हवा आणि भरपूर पाणी यांमुळे रंध्रं उघडी राहतात, त्यामुळे हवेत ओझोन तेवढाच असला तरी तहानलेल्या झाडापेक्षा टवटवीत झाडाच्या पोटात तो जास्त जातो. म्हणून काही जण पाणी तोडतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट, कारण आपल्या उन्हात कुंडीतलं रोप दोन दिवसांत माना टाकतं.

एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचा, एकच आकडा बघून निश्चिंत होऊ नका. तो सर्वात वाईट ठरलेल्या प्रदूषकाचा असतो आणि आपल्याकडे तो मान बहुतेक वेळा धुळीच्या कणांना मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपमध्ये ओझोनचा आकडा वेगळा बघा, तोही दुपारनंतरचा. आठ तासांची भारतीय मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पण ती माणसांच्या आरोग्यासाठी. युरोपात पिकांसाठी दिवसाउजेडी ४० पीपीबीच्या (हवेच्या एक अब्ज भागांत ४० भाग), म्हणजे साधारण ८० मायक्रोग्रॅमच्या, वरचा ओझोन हंगामभर तासातासाने जोडत जातात. म्हणजे एक्यूआयने 'समाधानकारक' ठरवलेल्या हवेतही फरसबीच्या नुकसानीचा हिशेब चढत असतो.

ठिपकेदार पानं सरसकट खुडू नका. ती पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण उरलेल्या हिरव्या भागात अन्न बनतच असतं. युरियाचा जादा डोसही नको. फरसबी, पालक, बटाटा ही नाजूक मंडळी दर उन्हाळ्यात तशीच दिसत असतील तर त्या जागी वेगळं काही लावून बघा.