टीव्हीवरच्या अश्लील जाहिरातीची तक्रार: अर्ज कसा लिहायचा, कुठं द्यायचा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉल सामना असला की शिवाजी पेठेतली निम्मी पोरं मैदानात असतात आणि उरलेली घरी केबलपुढं. आजोबा, सुना, नातवंडं सगळी एका खोलीत. मध्यंतर झालं की 'मर्दानी ताकदी'च्या तेलाची जाहिरात लागते, नाहीतर वशीकरण करून देणारा एखादा बाबा येतो. बायका रिमोट शोधतात, पुरुष मोबाईलमध्ये बघतात. माझं म्हणणं, मान खाली घालू नका, अर्ज करा. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. कुठला अर्ज साहेबांपुढं जातो आणि कुठला दप्तरी दाखल होतो, हे मी रोज बघत होते. आता पेठेतल्या बायका अर्ज लिहून घ्यायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

पहिलं काम त्याच मिनिटाला करायचं. घड्याळ बघा आणि कागदावर उतरवा: तारीख, वेळ, चॅनेलचं नाव, कोणता कार्यक्रम सुरू होता, नेमके कोणते शब्द किंवा कोणतं दृश्य. जमलं तर मोबाईलवर पडद्याचं चित्रण घ्या, कोपऱ्यातला लोगो दिसू द्या. 'हे लोक सारखं काहीतरी घाणेरडं दाखवतात' या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. 'दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी' असं लिहिलं की त्याला रेकॉर्डिंग मागवता येतं. उपग्रह वाहिन्यांना प्रसारणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं, म्हणून आठवड्याच्या आत अर्ज गेलेला बरा.

दुसरं, तो कार्यक्रम होता की जाहिरात ते ठरवा. केबल टीव्ही कायदा १९९५ चा. त्याखालच्या १९९४ च्या नियमांत (कायद्याआधी वटहुकूम होता, म्हणून नियमांचं साल आधीचं) नियम ६ कार्यक्रमांसाठी आणि नियम ७ जाहिरातींसाठी आहे. नियम ६ मध्ये सभ्यतेला धक्का देणारं, अश्लील, बदनामीकारक, धर्म किंवा समाजावर हल्ला करणारं, हिंसेला चिथावणारं, अंधश्रद्धा वाढवणारं, स्त्रियांना किंवा मुलांना हीन लेखणारं असं काही दाखवू नये, असं म्हटलंय. मुलांना न शोभणारा कार्यक्रम मुलं जास्त संख्येनं बघत असतात त्या वेळी लावू नये, हेही त्यातच आहे. नियम ७ नुसार जाहिरातीत असभ्य, सूचक चित्रण नको आणि सिद्ध करता येणार नाही अशा चमत्कारी गुणाचा दावाही नको. ताकदीच्या तेलाला तर १९५४ चा औषधं आणि जादूई उपचारांच्या जाहिरातींचा कायदाही लागू शकतो. तिथं एक प्रत अन्न व औषध प्रशासनाला द्या. वशीकरणवाल्या बाबासाठी २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

अर्ज एका पानाचा. नमुना देते, तुमचा तपशील घाला:

'मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस. विषय: स्थानिक केबल वाहिनीवरील जाहिरातीबाबत. महोदय, दि. … रोजी दुपारी … वाजता … या वाहिनीवर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात … ही जाहिरात दाखवली गेली. तीत … असे शब्द होते. त्या वेळी घरात लहान मुले होती. ही जाहिरात केबल नियम १९९४ मधील नियम ७ चा भंग करते असे मला वाटते. कृपया त्या प्रसारणाचे रेकॉर्डिंग मागवून पाहावे, ही जाहिरात थांबवावी व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.'

एका अर्जात एकच तक्रार. 'चॅनेल कायमचं बंद करा' असलं लिहू नका. मागणी जेवढी नेमकी, तेवढा अर्ज टिकतो.

द्यायचा कुठं, यात बहुतेकांची गल्लत होते. स्थानिक केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी. या कायद्याखाली हेच अधिकृत अधिकारी, आणि कलम १९ नुसार ते प्रसारण थांबवण्याचा आदेश काढू शकतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संनियंत्रण समितीचीही तरतूद आहे. तिच्यात पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, महिला आणि बालकल्याणात काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असावेत असं ठरलंय. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन अर्ज आवकमध्ये द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

उपग्रह वाहिनी असेल तर आधी त्या वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं. २०२१ च्या नियमांनुसार त्यांनी २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियमन मंडळाची (वाहिन्यांनी स्वतःच उभारलेल्या मंडळाची) सदस्य आहे तिथं, आणि तिथंही नाही पटलं तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं. एफएम केंद्रांना परवान्याच्या अटींतून आकाशवाणीची संहिता लागू आहे. आधी केंद्राला, मग मंत्रालयाला लिहा. ओटीटीला, म्हणजे इंटरनेटवरच्या ॲपना, वेगळे नियम आहेत, तिथं हा अर्ज चालत नाही.

आता जे मी लिहून देत नाही ते. निवडणुकीच्या दिवसांत गल्लीतला एक कार्यकर्ता आला. "काकू, चर्चेत आमच्या साहेबांना वाट्टेल ते बोलले. अश्लील म्हणून अर्ज लिहा की." मी चित्रण बघितलं. रस्त्यांवर आणि पाण्यावर कडक प्रश्न होते, शिवी एकही नव्हती. मी नाही म्हटलं. राज्यघटनेच्या कलम १९ नं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभा दिलीय. सभ्यता हे त्यातलं एक बंधन, पण पुढाऱ्याचा राग त्यात बसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन या मल्याळम वाहिनीवरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, तेव्हा सरकारवर टीका केली म्हणून वाहिनी देशविरोधी ठरत नाही हे स्पष्ट झालं. त्याचप्रमाणं २०१४ मध्ये अवीक सरकार या संपादकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उघडं शरीर दिसलं एवढ्यानं चित्र अश्लील होत नाही. सगळा संदर्भ आणि आजच्या समाजाची दृष्टी बघावी लागते. म्हणून पाळी, स्तनपान, एड्स यांची माहिती देणाऱ्या कार्यक्रमावर तक्रार घेऊन येणाऱ्याला मी परत पाठवते. आपण असले अर्ज देत राहिलो तर खऱ्या अर्जांचीही किंमत जाते, आणि सरकारच्या हातात नको ती कात्री जाते.

एका बाबतीत मात्र क्षणभर थांबू नका. बलात्कार पीडितेचं घर, गल्ली, आईचा चेहरा बातमीत दाखवला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा ठरू शकतो. तिथं वाहिनीला लिहाच, पण आधी पोलीस ठाणं गाठा. आणि स्वतःच्या अर्जात तिचं नाव, पत्ता लिहू नका, चित्रणही व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं पाठवू नका.

कुणी ऐकलंच नाही तर उच्च न्यायालय आहे. प्रतिभा नैथानी या मुंबईच्या प्राध्यापिकेच्या याचिकेवर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रौढांसाठीचे चित्रपट केबलवर दाखवायला मनाई केली होती. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच या न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळं मुंबईच्या खेपा वाचतील. पण त्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि संनियंत्रण समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिच्या इतिवृत्ताची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील करा.