घटनादुरुस्तीची मतं कशी मोजायची

17 डिसेंबर 2024 ला 129 वं घटनादुरुस्ती विधेयक, म्हणजे 'एक देश, एक निवडणूक'चं, लोकसभेत मांडलं गेलं. बाजूने 269, विरोधात 198. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर पहिलाच प्रश्न, "मॅडम, दोन तृतीयांश मतं नाहीत, मग विधेयक पडलं ना?" नाही पडलं. मांडायला साधं बहुमत पुरतं, खरी परीक्षा पुढे असते. नागरिकशास्त्र शिकवताना मला हा गोंधळ दरवर्षी दिसतो.

आधी बघा, विधेयक कलम 368 खाली, म्हणजे घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलमाखाली, येतं का. नवं राज्य करायचं असेल किंवा एखाद्या राज्याची विधान परिषद रद्द करायची असेल, तर साधा कायदा चालतो. बाकी दुरुस्त्यांचं विधेयक संसदेच्या कुठल्याही सभागृहात मांडता येतं. मंत्रीच हवा असंही नाही, कुणीही खासदार मांडू शकतो.

आता वही घ्या आणि प्रत्येक सभागृहासाठी दोन आकडे लिहा. पहिला, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. रिकाम्या जागाही यात धरायच्या. लोकसभेच्या 543 पैकी 272. दुसरा, हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. तटस्थ राहिलेले यात धरत नाहीत. दोन्ही अटी एकाच मतदानात पुऱ्या व्हायला हव्यात. समजा 390 जणांनी मत दिलं आणि बाजूने 265 पडली. दोन तृतीयांश म्हणजे 260, ते झाले. पण 272 नाहीत, म्हणून विधेयक पडलं.

उलटही घडलंय. सप्टेंबर 1970, राज्यसभा, संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं विधेयक. बाजूने 149, विरोधात 75. 224 चे दोन तृतीयांश करून बघा: 149.33. लोकसभेने मंजूर केलेलं विधेयक एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने गेलं! मुलं हा भागाकार दोनदा करून बघतात. अशा वेळी संयुक्त बैठक बोलावून तोडगा काढता येत नाही. दोन्ही सभागृहांनी आपापलं मंजूर करावंच लागतं. तनखे शेवटी 1971 मध्ये 26 व्या दुरुस्तीने बंद झाले.

राष्ट्रपतींची निवडणूक, सातव्या अनुसूचीतल्या याद्या (केंद्र आणि राज्यांमध्ये विषयांची वाटणी करणाऱ्या), उच्च न्यायालयं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व किंवा खुद्द 368 यांना हात लागत असेल, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. आज 28 राज्यं, म्हणजे 14. तिथे साधं बहुमत पुरतं. जीएसटीच्या दुरुस्तीला 2016 मध्ये पहिली मान्यता आसामने दिली होती.

मग राष्ट्रपतींची संमती. 1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून ती द्यावीच लागते.

वहीत शेवटचा रकाना सर्वोच्च न्यायालयाचा ठेवा. घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, हे केशवानंद भारती खटल्यात 24 एप्रिल 1973 ला 7 विरुद्ध 6 न्यायमूर्तींनी ठरवलं. न्यायाधीशांच्या नेमणुकांबद्दलची 99 वी दुरुस्ती वरच्या सगळ्या पायऱ्या चढून लागू झाली होती. 16 ऑक्टोबर 2015 ला न्यायालयाने ती रद्द केली.